डोंगरवाटेवर थंडी सोसायची नसते!

दिवाळी सरते, फराळाचे डबे घासून पालथे पडतात आणि पहाटे पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घ्यावंसं वाटू लागतं. याच दिवसांत घराघरांतून सहलीचे बेत शिजू लागतात. महाबळेश्वर झालं, गणपतीपुळे झालं. हल्ली मात्र भिशीच्या दुपारी किंवा शाळेच्या फाटकापाशी एक निराळाच बेत कानावर येतो : "आपण बायका-बायका मिळून एखादा डोंगर चढून येऊ या का?" बेत फार चांगला आहे. तो फसू नये, म्हणून हा लेख.

सहलीची तयारी आपल्याला कुणी शिकवायला नको. धाकट्याची माकडटोपी कुठल्या कप्प्यात आहे, सासूबाईंचे पायमोजे कुठल्या गाठोड्यात आहेत, 'ह्यां'ना प्रवासात कुठली गोळी लागते, हे झोपेतून उठवून विचारलं तरी आपण सांगू. सगळ्यांच्या पिशव्या भरून होतात, दाराशी रिक्षा येऊन उभी राहते आणि मग आपण स्वतःसाठी खुंटीवरची शाल ओढून घेतो. "तुला नको का स्वेटर?" असं कुणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं, "मला नाही हो थंडी वाजत!"

महाबळेश्वरच्या बाजारात हे खपून जातं. डोंगरवाटेवर खपत नाही. भूक, जागरण, कंबरदुखी सगळं सोसायची आपल्याला सवय असते. पण शरीराच्या आतली ऊब एकदा उतरू लागली, की सोशिकपणा कामाला येत नाही. तेव्हा मैत्रिणींनो, या वेळी क्रम उलटा करा. पहिली पिशवी भरायची ती स्वतःची.

थंडी लागते तरी कशी?

आधी एक साधा हिशेब. आपण जसजसे उंच जातो तसतशी हवा थंड होते. सर्वसाधारणपणे दर १,००० मीटरला साडेसहा अंश सेल्सिअस, असं ढोबळ प्रमाण धरतात. नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे आणि कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरवर. म्हणजे नाशिकला दुपारी २६ अंश असेल, तर शिखरावर १९-२०. वाचताना काही वाटत नाही, पण यात वारा अजून धरलेलाच नाही.

आपल्या अंगाभोवती गरम झालेल्या हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो सारखा उडवून नेतो. गरम चहावर फुंकर घातली की तो लवकर निवतो, तसंच हे. हवा शून्य अंशावर असेल आणि वारा ताशी ३० किलोमीटर वेगाने वाहत असेल, तर उघड्या कातडीला ती थंडी उणे ६-७ अंशांसारखी झोंबते. उणे १० अंशांत तसाच वारा सुटला, तर उणे २० सारखी!

तिसरा शत्रू तर आपल्याच अंगातून निघतो, तो म्हणजे घाम. मातीच्या माठातलं पाणी गार कसं होतं, हे आपण लहानपणापासून पाहतो. माठ पाझरतो, बाहेर आलेलं पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. चढताना घामाने भिजलेला सुती ब्लाउज किंवा कुडता अंगावर हेच काम करतो. चढ चालू असेपर्यंत कळत नाही. पण माथ्यावर पोचून फोटो काढायला दहा मिनिटं उभं राहिलं, की दातावर दात वाजू लागतात. शिवाय पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणून सह्याद्रीतला साधा डोंगर असो की हिमालयातलं बर्फ, नियम एकच : थंडीच्या दिवसांत चढताना अंगालगत सुती कपडा नको.

हा नियम पुष्कळ जणींना पटत नाही. आयुष्यभर "सुतीच चांगलं" हे ऐकत आलो ना आपण! नागपूरच्या उन्हाळ्यात ते शंभर टक्के खरं. पण सूत घाम पितं आणि धरून ठेवतं. उन्हाळ्यात तोच त्याचा गुण, थंडीत तोच दोष.

गोधडीचं शास्त्र

मग घालायचं तरी काय? याचं उत्तर आपल्या आजीच्या गोधडीत आहे. जुन्या लुगड्यांचे चार-पाच पातळ थर एकावर एक टाचले की त्यांच्यामध्ये हवा अडकते, आणि ऊब देते ती ही अडकलेली हवा. गिर्यारोहकसुद्धा तेच करतात. एकच जाडजूड कोट न घालता ते तीन थर घालतात.

पहिला थर अंगालगतचा. याला दुकानात 'थर्मल' म्हणतात. तो पॉलिएस्टरचा किंवा मऊ मेरिनो लोकरीचा असावा, अंगासरशी बसणारा पण न काचणारा. घाम शोषून धरण्याऐवजी तो बाहेर सरकवतो. घेताना आतली चिठ्ठी वाचा. थर्मल म्हणून विकले जाणारे कित्येक कपडे सुती मिश्रणाचे असतात. घरी घालायला ते उत्तम, चढाईला नाहीत.

दुसरा थर उबेचा. फ्लीसचं जाकीट किंवा आपला लोकरीचा स्वेटर. लोकर थोडी ओलसर झाली तरी बऱ्यापैकी ऊब धरते, म्हणून ट्रंकेतला जुना विणलेला स्वेटर टाकाऊ समजू नका. एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ बरे.

तिसरा थर वारा आणि पाणी अडवणारा, टोपी असलेलं हलकं जाकीट. आतले दोन थर घालूनही ते सैल बसलं पाहिजे. हात वर करून, वाकून, उकिडवं बसून बघा. दुकानात लाजू नका; डोंगरावर हेच सगळं करायचं आहे.

हिमालयात जायचं तर चौथं एक जाकीट लागतं, पिसांचं किंवा कृत्रिम कापसाचं फुगीर. ते चालताना घालायचं नसतं, थांबल्यावर घालायचं असतं. पिंजारलेल्या गादीसारखं ते जितकं फुगलेलं तितकं उबदार. पिसांचं जाकीट भिजलं की मात्र गोळा होऊन बसतं, म्हणून ते प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडं ठेवावं.

पायांनाही हाच न्याय. आत थर्मल आणि वरून लवकर वाळणारी पँट. जीन्स मुळीच नको. ती भिजली की जड होते आणि दिवसभर वाळत नाही. आता कुणी म्हणेल, नवरात्रात कळसूबाईला साडी नेसून बायका जातातच की! जातात, आणि आपल्याला लाजवतील अशा वेगाने जातात. पण ते सह्याद्रीतलं ऊन. बर्फात साडीचा घोळ भिजतो, गोठतो आणि पायात येतो.

थर चढवायचे-उतरवायचे केव्हा, ही खरी कला आहे, आणि ती स्वयंपाक येणाऱ्या बाईला लगेच जमेल. दूध उतू गेल्यावर गॅस बंद करून काय उपयोग? उकळी येताना दिसली की आच कमी करायची. तसंच घाम फुटण्याआधीच एक थर काढायचा. निघताना थोडी थंडी वाजतेय, इतपतच कपडे घालून निघावं; दहा मिनिटांत अंग तापतं. आणि विसाव्याला टेकलं की आधी जाकीट अंगावर घ्यायचं, मग पाण्याची बाटली उघडायची.

जोडवी, बांगड्या आणि बूट

सगळ्यात जास्त पैसे कशावर खर्च करावेत असं विचाराल, तर बुटांवर. जाड जाकीट, बर्फ बुटात जाऊ नये म्हणून घालायचे गेटर, काठ्या या वस्तू बऱ्याच ठिकाणी भाड्याने मिळतात. बूट मात्र स्वतःचे हवेत. घोट्यापर्यंत येणारे, तळाला खोल खाचा असलेले. ते संध्याकाळी विकत घ्यायला जा, कारण दिवसभराच्या कामाने पाय थोडे सुजलेले असतात. जाड लोकरी मोजे घालूनच माप बघा. बोटं आत मोकळी हलली पाहिजेत, नाहीतर उतरताना नखं काळी पडतात. मग महिनाभर भाजीला जाताना, फिरायला जाताना तेच बूट घाला. नवे कोरे बूट घालून डोंगरावर जाणं म्हणजे पायांना फोड आणण्याची हमीच.

"एकावर एक तीन मोजे घालते, म्हणजे पाय गरम राहतील," असं पुष्कळ जणींना वाटतं. होतं उलट. बूट घट्ट होतो, रक्त फिरत नाही आणि बोटं गार पडतात. एक पातळ आणि एक जाड, एवढं पुरे. एक कोरडी जोडी फक्त रात्री झोपताना घालण्यासाठी राखून ठेवा, तिला दिवसा हात लावायचा नाही.

आता जरा नाजूक विषय. जोडवी बुटात रुततात आणि चालून सुजलेल्या बोटाला काचतात. उंचीवर हातांचीही बोटं सुजतात, तेव्हा अंगठी निघता निघत नाही. काचेच्या बांगड्या हातमोज्यांत अडकतात आणि घसरून पडलं तर फुटून लागतात. म्हणून चार दिवस हे सगळं घरच्या डबीत काढून ठेवावं. मंगळसूत्र घालायचंच असेल तर थर्मलच्या आत राहू द्या. सासूबाईंची समजूत आधीच, शांतपणे काढून ठेवलेली बरी. निघायच्या घाईत तो विषय नको.

हातमोज्यांच्या दोन जोड्या घ्या. बोटं एकत्र राहतात ते पिशवीसारखे मोजे जास्त ऊब देतात, पण त्यांनी नाडी बांधता येत नाही. म्हणून आत पातळ आणि वर जाड. डोक्यातून शरीराची निम्मी उष्णता जाते असं सांगतात, ते काही खरं नाही. डोक्याच्या आकाराच्या मानाने जेवढी जावी तेवढीच जाते. पण कान झाकले गेलेच पाहिजेत. लोकरीची कानटोपी घरीच विणा की! दोन संध्याकाळचं काम आहे, आणि गळ्यापर्यंत येणारी विणलीत तर उत्तमच.

बर्फावर जायचं असेल तर काळा चष्मा चैन म्हणून नव्हे, गरज म्हणून घ्या. ताजं बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परतवतं आणि त्याने डोळ्यांना अक्षरशः भाजल्यासारखं होतं. दर १,००० मीटरला हे किरण सुमारे १० टक्क्यांनी वाढतात. चेहऱ्याला उन्हापासून जपणारं क्रीम आणि ओठांना मलम लावायला विसरू नका. नाकाच्या खालच्या बाजूलाही लावा. बर्फावरून ऊन खालूनही येतं.

आधी घरचा डोंगर

पहिल्याच फटक्यात हिमालय नको. आधी आपल्या महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर गाठा. कळसूबाई अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात आहे. पायथ्याला बारी गाव आणि माथ्यावर देवीचं छोटंसं देऊळ. वाट मळलेली आहे आणि अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत. पावसाळ्यात शिड्यांवर गर्दी आणि निसरडं, डिसेंबर-जानेवारी उत्तम.

वेळेचा अंदाज बांधायला एक जुना नियम उपयोगी पडतो. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली तो मांडला. आपल्या मापात सांगायचं तर दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. समजा, वाट ६ किलोमीटर आहे आणि चढ ९०० मीटर. चालण्याचा सव्वा तास, चढाचा दीड तास, झाले पावणेतीन. हा हिशेब सराईत माणसाचा. आपण नवख्या, शिवाय बारा जणींचा घोळका! म्हणून दीडपट धरा, म्हणजे चार तास.

आता उलटा हिशेब करा. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. शिड्या उजेडातच उतरल्या पाहिजेत. सकाळी साडेसहाला निघालात तर साडेदहापर्यंत माथा, तासभर विसावा, उतरायला तीन तास. हाताशी भरपूर वेळ उरतो, आणि तो उरलाच पाहिजे. निघण्याआधी परतीची वेळ ठरवा. समजा, दुपारी बारा. बारा वाजता जिथे असाल तिथून मागे फिरायचं, मग माथा अर्ध्या तासावर का असेना. डोंगर कुठे पळून जात नाही.

तयारीला आठ आठवडे द्या. रोज पाऊण तास भरभर चालणं, आठवड्यातून तीनदा जिने चढणं-उतरणं. शेवटचे चार आठवडे पाठपिशवीत ५ किलो तांदूळ घालून चढा. बोलत बोलत चढता आलं तर वेग बरोबर. वाक्य तुटायला लागलं तर वेग कमी करा. कळसूबाईची फेरी ही कपड्यांचीही परीक्षा असते. कुठे काचतं, केव्हा घाम येतो, कुठली चेन लवकर उघडत नाही, ते तिथे कळतं.

मग हिमालय

नवख्या मंडळींसाठी हिवाळ्यातली एक प्रसिद्ध वाट म्हणजे उत्तराखंडातलं केदारकंठा. उंची सुमारे ३,८०० मीटर, म्हणजे १२,५०० फूट. देहरादूनहून गाडीने जवळजवळ अख्खा दिवस प्रवास करून सांक्री नावाच्या गावी पोचायचं आणि तिथून चालायला सुरुवात. वाटेवर देवदार-पाईनची रानं, 'जुडा का तालाब' हे तळं, आणि डिसेंबर ते मार्च बहुधा बर्फ. रात्री तंबूबाहेर पारा शून्याखाली ५ ते १० अंश आणि कधी त्याहूनही खाली जातो. सांक्री ते माथा हा फरक साधारण १,८५० मीटरचा. आपल्या मघाच्या हिशेबाने १२ अंश थंडी जास्त, वर वारा. शिखराच्या दिवशी उजाडण्याआधीच निघतात, कारण दुपारनंतर हवा बिघडते.

असा ट्रेक एकट्यादुकट्याने करायचा नाही. जाणत्या संस्थेबरोबर जा, पण पैसे भरण्याआधी स्वच्छ प्रश्न विचारा. बरोबर स्थानिक वाटाड्या आहे का? प्राणवायूची नळकांडी आणि प्रथमोपचार येणारा माणूस आहे का? कुणी आजारी पडलं तर खाली नेण्याची सोय काय? बायकांसाठी शौचालयाचा वेगळा तंबू आहे का? भाजीवालीशी दोन रुपयांसाठी आपण पाच मिनिटं बोलतो. इथे जिवाचा प्रश्न आहे.

आणि चार दिवसांचं काम तीन दिवसांत उरकणारा कार्यक्रम स्वस्त पडत असला तरी घेऊ नका. विरळ हवेची सवय शरीराला हळूहळूच होते. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये, असं डॉक्टर सांगतात.

रात्रीचीही एक रीत आहे. तंबूत शिरताच दिवसाचे दमट कपडे बदला. खाली चटई हवीच, कारण जमीन ऊब खेचून घेते. गरम पाण्याची बाटली घट्ट बंद करून झोपायच्या पिशवीत पायाशी घ्या. मोबाइल आणि त्याची बॅटरीही आतच ठेवा. थंडीने ती भराभर उतरते. पाण्याची बाटली बाहेर ठेवायची झाली तर उलटी ठेवा. पाणी वरून गोठत येतं, म्हणजे सकाळी झाकण उघडेल.

आपल्या बायकांच्या गोष्टी

या गोष्टी सहसा कुणी लिहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

वाटेत आडोसा मिळेल की नाही या धास्तीने पुष्कळ जणी पाणीच पीत नाहीत. प्रवासात हे आपण नेहमीच करतो. डोंगरावर त्याचे परिणाम वाईट होतात : डोकं दुखतं, थकवा येतो, उंचीचा त्रास कोणता आणि पाण्याचा कोणता हेच कळेनासं होतं. दिवसाला तीन लिटरच्या आसपास पाणी, सूप, चहा मिळून पोटात गेलं पाहिजे. लघवीचा रंग फिकट आहे ना, एवढं बघा. दोघींनी मिळून जायचं, एकीने शाल धरायची. सोपा उपाय आहे.

पाळी आली म्हणून चढाई थांबवायचं कारण नाही. लागणारं सामान जास्तीचं घ्या आणि वापरलेलं सगळं बंद पिशवीत घालून खाली परत आणा. पाळी पुढे ढकलण्याची गोळी मात्र शेजारणीने घेतली म्हणून घेऊ नका. रक्तात गुठळी होण्याचा त्रास स्वतःला किंवा घरात कुणाला झाला असेल, तर ती धोक्याची ठरू शकते. डॉक्टरांना विचारा. उंचीच्या त्रासावर जी गोळी देतात तिचंही तसंच. सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

आणि महिनाभर आधी रक्त तपासून घ्या. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे दहाजणींच्या गटात पाच-सहा जणी! शरीरभर प्राणवायू नेणारं हिमोग्लोबिनच कमी असेल, तर विरळ हवेत धाप लागणारच. "हल्ली जिना चढताना दम लागतो, वय झालं," असं म्हणून आपण सोडून देतो. कदाचित ते वय नसेलही. रक्तदाब, दमा, हृदयाचा विकार असेल तर डॉक्टरांच्या होकाराशिवाय निघूच नका.

फराळाचं काय?

थंडीत शरीर जास्त जळण मागतं आणि उंचीवर भूक नेमकी मरते. म्हणून एकदम पोटभर खाण्यापेक्षा दर तासाला थोडं तोंडात टाका. खजूर, मनुका, बदाम, शेंगदाणे-गूळ, डिंकाचा किंवा मेथीचा लाडू. प्रवासासाठी दशम्या आहेतच. चिक्की मात्र कडक थंडीत दगडासारखी होते, दातांना जपा. खाऊ जाकिटाच्या खिशात ठेवा. पिशवीच्या तळाशी गेलेला खाऊ कुणी खात नाही.

सोसू नका, सांगा

आता सगळ्यात महत्त्वाचं. अंगातली उष्णता ३५ अंशांच्या खाली उतरली की शरीराचं गाडं बिघडू लागतं. आधी हुडहुडी भरते. मग बोटं ऐकत नाहीत, बटण लागत नाही, पाऊल अडखळतं, जीभ जड होते. पुढे माणूस गप्प-गप्प होतं किंवा भलतंच बोलू लागतं. हुडहुडी थांबली आणि माणूस तरीही गारच असेल, तर ती बरं वाटल्याची खूण समजू नका. प्रकृती आणखी बिघडल्याची ती खूण आहे. अशा मैत्रिणीला लगेच वाऱ्यातून बाजूला घ्या, ओले कपडे काढून कोरडे चढवा, गुंडाळा, शुद्धीवर असेल तर गरम गोड पेय द्या, आणि मदत बोलवा. 'थंडीवर ब्रँडी' हा समज पार चुकीचा. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, वरून गरम वाटतं आणि आतली ऊब निघून जाते. बोटं पांढरी, बधिर झाली तर ती बर्फाने चोळायची तर मुळीच नाहीत.

उंचीच्या त्रासाची सुरुवात डोकेदुखी, मळमळ, चक्कर, भूक न लागणं अशी होते. असं झालं तर आणखी वर जायचं नाही. वाढत गेलं, तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी खाली उतरायचं. याला दुसरा खात्रीचा उपाय नाही.

नेमकी इथेच आपली जुनी सवय आडवी येते. डोकं फुटेस्तोवर दुखत असतं, पण बाई बोलत नाही. "माझ्यामुळे सगळ्यांचा विरस नको." घरीसुद्धा ताप अंगावर काढून आपण पोळ्या लाटतोच ना! मैत्रिणींनो, डोंगरावर हा चांगुलपणा नव्हे. लपवलेल्या दुखण्याने अख्खा गट अडचणीत येतो. म्हणून दोघी-दोघींच्या जोड्या लावा आणि दर तासाला एकमेकींना विचारा : काय दुखतंय, पाणी प्यालीस का, बोटं हलतात का? आणि उत्तर खरं द्या.

संसार सांभाळून हे होतं का?

होतं. १६ मे १९७५ रोजी एव्हरेस्टवर पोचलेली जगातली पहिली स्त्री, जपानच्या जुन्को ताबेई, लग्न झालेल्या, पस्तिशीतल्या आणि लहान मुलीच्या आई होत्या. बायकांनी घरी मुलं सांभाळावीत, असं त्यांनाही ऐकवलं गेलं. पैसे कमी पडत होते, तेव्हा त्यांनी पियानोच्या शिकवण्या केल्या आणि मोहिमेसाठी लागणाऱ्या कित्येक वस्तू घरी शिवल्या. मोटारीच्या आसनावरच्या आच्छादनाचे हातमोजे आणि जुन्या पडद्यांच्या विजारी! आपल्याकडे २३ मे १९८४ ला बचेंद्री पाल एव्हरेस्टवर पोचल्या. त्याच बचेंद्री पाल यांनी २०२२ साली पन्नाशी ओलांडलेल्या बायकांचा गट घेऊन अरुणाचलापासून कारगिलपर्यंत हिमालय पालथा घातला. तेव्हा त्या स्वतः ६७ वर्षांच्या होत्या.

आपल्याला एव्हरेस्ट नकोय. एक कळसूबाई, जमलं तर एक केदारकंठा. घरी काय सांगायचं? जायची तारीख दोन महिने आधी ठरवा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून टाका. कोण कुठे आहे, वाटाड्याचा नंबर काय, परत केव्हा येणार, हा कागद फ्रिजवर चिकटवा. डोंगरात रेंज मिळेलच असं नाही. डब्याचं, दुधाचं, कामवाल्या मावशींचं मुलांना नि यजमानांना एकदा समजावून द्या. चार दिवस खिचडी खाऊन कुणी वाळत नाही.

आणि खालची यादी कापून कपाटाच्या दाराला आतून लावा.

पिशवीत काय हवं (हिमालयातल्या चार दिवसांसाठी)

थर्मल : वरचे २, खालचे २ (त्यातला एक जोड फक्त झोपताना).
पातळ स्वेटर किंवा फ्लीस : २.
वारा-पाणी अडवणारं जाकीट : १, फुगीर जाकीट : १ (भाड्याने चालेल).
लवकर वाळणाऱ्या पँट : २.
मोजे : पातळ ३, लोकरी ३ जोड्या.
हातमोजे : पातळ १, जाड १ जोडी.
कानटोपी, गळपट्टा, काळा चष्मा.
बूट (महिनाभर वापरलेले), गेटर, काठी.
डोक्याला लावायचा दिवा आणि जास्तीची बॅटरी.
पाण्याच्या बाटल्या २, छोटा थर्मास १.
नेहमीची औषधं, क्रीम, ओठांचं मलम, पॅड, कागदी रुमाल, कचऱ्याची पिशवी.
सगळे कपडे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून.

यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे खूण करा. सगळ्या खुणा झाल्या की मगच बाकीच्यांचं कपाट उघडा. मग, कुठल्या रविवारी निघताय कळसूबाईला?